बाबांचं ‘वा!’

आई जेवेना म्हणून आम्ही दोघी बहिणींनी जी खटपट केली, ती आठवली की आधी मला आमची कीव येते आणि मग हसू आवरत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायका. एक केकचं दुकान चालवणारी, म्हणजे मी. दुसरी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली उभं आयुष्य काढलेली, म्हणजे ताई. आणि दोघींना मिळून एका म्हातारीच्या पोटात चार घास घालता येईनात!

झालं असं, की आईला ताप आला. साधाच, आठवडाभरात उतरला. पण जाताना तिचा वास घेऊन गेला. नाक जागच्या जागी, शिंकाही येतायत, पण वास म्हणून कशाचा येईना. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग तिचं जेवण कमी व्हायला लागलं. “सगळं कागद चघळल्यासारखं लागतं गं,” म्हणायची आणि ताट सरकवून द्यायची. तिच्या बोटातली अंगठी सैल झाली. बाबांनी घातलेली, कधी साबण लावूनसुद्धा न निघालेली अंगठी एका सकाळी भांडी घासताना आपली आपण बेसिनमध्ये पडली. तेव्हा मात्र आमचं हसणं थांबलं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बाई तरुण होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. “वासाच्या नसा दुखावल्यात. भरून येतील किंवा नाही येणार, या वयात मी शब्द देत नाही. पण वजन असंच उतरत राहिलं तर यांना दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल.”

“ज्या नाकाने दगा दिला त्याच नाकातून?” आई म्हणाली. “मी मेले तरी चालेल, पण नळी घालून घेणार नाही.”

आई बोलते ते करते. त्यामुळे आम्ही दोघी गारच पडलो. डॉक्टरबाई पुढे समजावत होत्या, की जिभेला तसं फार थोडं कळतं, गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच. आपण ज्याला चव म्हणतो तो बहुतेक वासच असतो, घास चावताना तोंडातून मागल्या दाराने नाकात शिरणारा. आणि तिखट ही तर चवच नव्हे, ते नुसतं झोंबणं, त्याची वाट निराळी. मी हे एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. माझ्या डोक्यात तोवर भट्टी पेटलीसुद्धा होती. वास येत नाही ना? मग वास वाढवू! हाय काय नि नाय काय.

आई माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. त्याच संध्याकाळी मी तिच्यासाठी केक केला आणि त्यात व्हॅनिला नेहमीच्या दुप्पट घातला. आईने एक घास खाल्ला आणि खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिप्पट. मग गुलाबाचा अर्क, मग संत्र्याचा, मग बदामाचा. लोणी तर असं परतायची की रस्त्यावरची माणसं आत डोकावून जायची. शेवटी दुकानात इतका घमघमाट सुटला, की एक गिऱ्हाईक पाव घेताना म्हणालं, “बाई, अत्तराचं दुकान काढलंत की काय?” मी त्याच्यावर खेकसले. माझं असंच आहे, मी नाकावर माशी बसू देत नाही.

तिकडे ताईचं वेगळंच. आम्ही जुळ्या. एकाच अंड्यातून निघालेल्या, नाक, डोळे, आवाज, सगळं तंतोतंत एक. ती माझ्या जराशी आधी बाहेर आली आणि तो तोरा अजून उतरलेला नाही, म्हणून ताई म्हणावं लागतं. लोकांच्या किडलेल्या दाढा पाहून पाहून तिचं एक ठाम मत झालंय, की जगातली सगळी दुःखं कडक खाण्यामुळे होतात. “अगं, तिला चावायला त्रास होत असेल!” असं म्हणून ती रोज डबे भरून मऊ मऊ पाठवायला लागली. भाजी वाटलेली, भात घोटलेला, सूप गाळलेलं, सफरचंदाचाही लगदा. डब्याची झाकणं उघडली की आत काय आहे ते रंगावरून ओळखायचं.

“हे काय आहे?” आईने एकदा विचारलं.

“गाजर असेल,” मी म्हटलं.

“असेल? म्हणजे तुलाही नक्की नाही! तुला दिसतंय, वासही येतोय, तरी!” आईने डबा बंद केला. “मला काय मिळणार त्यात, डोंबल?”

मी ताईला फोन करून झापलं. तिने उलट मला झापलं, की तुझी ती अत्तरं थांबव, आईला मळमळत असेल. “तिला वासच येत नाही तर मळमळेल कशाने?” मी ओरडले. “मग अत्तर कशाला ओततेस?” ती ओरडली. आणि यावर मी फोन ठेवून दिला.

आईचं वजन मात्र उतरतच होतं. तिची चादर बदलताना मला तिचे खांदे दिसायचे आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागायचं नाही. कुणी केकावर नाव लिहून मागितलं तर मी चुकीचं नाव लिहायची.

अशातच एका दुपारी मी मैदा आणायला मागच्या खोलीत गेले तर आतून करकर, करकर असा आवाज. मला वाटलं, आले मेले उंदीर! लाटणं उगारून दार ढकलते तो काय, भट्टीजवळच्या स्टुलावर आई! हातात साखरेच्या पाकाचा जुना पत्रा, आणि त्याच्या कडांना चिकटलेली करपलेली साखर ती चाकूने खरवडून खात होती. पत्रा मी घासायला टाकलेला.

“आई!”

ती चपापली. शाळेत बाकाखाली खाताना पकडलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला. “ओरडू नकोस. कडक आहे म्हणून खातेय. चव नाही कळत गं, पण निदान तोंडात काहीतरी घडतंय. तुमच्या त्या चिखलात काहीच घडत नाही.”

मी लाटणं खाली ठेवलं. तोंडात काहीतरी घडतंय! एवढे दिवस मी हिच्या बंद पडलेल्या दारावर धक्के मारत होते, आणि ताईने जी उघडी होती तीही दारं लगदा लिंपून बंद केली होती. डॉक्टरबाईंचं ते झोंबण्याचं बोलणं आता कुठे माझ्या डोक्यात उतरलं. माझी ट्यूब जरा उशिराच पेटते.

मी फडताळातून आलं काढलं, कापून त्याची चकती आईच्या हातावर ठेवली. तिने चावली. डोळे मोठे झाले. मग लिंबाची फोड दिली. तिने असा चेहरा केला की मला लहानपणची आई दिसली. मग मिरीचा एक दाणा. तो फोडल्यावर तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मी घाबरून पाणी आणायला धावले, तर ती मागून म्हणते, “अजून एक दे.”

मी तिथेच मैद्याच्या पोत्यावर बसून रडले. आनंदानेच रडले, पण अगदी भोकाड पसरून.

“रडतेस काय? माझा केक कर,” आई म्हणाली.

“कुठला?”

“माझा. तुझे ते मऊ कापसाचे नाहीत. मी करायची तो.”

आता या केकबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी रविवारी एक केक व्हायचा आणि तसला केक मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. वर साखरेचा असा जाड कडक थर, की सुरी घातली की तडकायचा. आत किसलेलं आलं, भरडलेली मिरी, आंबट लिंबू, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कुटलेली लवंग. इतकी लवंग, की दोन घासांनंतर जिभेचं टोक बधिर व्हायचं. शेजारच्या मुलांनी तो एकदा खाल्ला आणि परत कधी आमच्याकडे रविवारची फिरकली नाहीत. मी दुकान काढलं तेव्हा तो विकायला ठेवून बघितला होता. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “हा केक आहे की शिक्षा?” मग मी त्यातली मिरी काढली, लवंग काढली, साखरेचा थर काढला, व्हॅनिला घातला, आणि तो खपायला लागला.

आम्हाला दोघींना मात्र तो जगातला सर्वांत चांगला केक वाटायचा. बाबांना तर विचारूच नका. तीन तुकडे खायचे, डोळे मिटून, आणि प्रत्येक तुकड्यानंतर मान मागे टाकून म्हणायचे, “वा!”

बाबा हाडं-कातडी उकळून सरस बनवायच्या कारखान्यात कामाला होते. त्या कारखान्यात नवीन माणूस दोन दिवस टिकायचा नाही, असली दुर्गंधी. बाबा टिकले ते थेट निवृत्त होईपर्यंत. मुकादम म्हणायचा, याच्यासारखा सोशिक माणूस नाही. ते घरी आले की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. आम्ही मात्र त्यांच्या शर्टाला नाक लावायचो, कारण तो वास आला की लगेच पानं वाढली जायची. मला आजही कुठे सरसाचा वास आला की सपाटून भूक लागते. कुणाला सांगायची सोय नाही, पण लागते.

बाबांचं ते ‘वा!’ फार प्रसिद्ध होतं. आम्ही कुठूनतरी फुलं तोडून आणायचो, “बाबा, वास घ्या.” बाबा छाती भरून वास घ्यायचे, “वा!” आम्ही साबणाच्या पाण्यात पाकळ्या चुरून अत्तर करायचो. “वा!” एकदा ताईने चेष्टा म्हणून माझा पावसात भिजलेला, दोन दिवस कोपऱ्यात पडलेला मोजा रुमालात गुंडाळून त्यांच्या नाकाशी धरला. बाबांनी छाती भरून घेतली. “वा!” आम्ही हसून हसून लोळलो. काय पण बाबा, उलट आमचीच फिरकी घेतली! असं वाटलं तेव्हा.

तर असा तो केक. मी ताईला फोन केला, सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा दातांवरून भांडली, कडक साखरेने आईची दाढ जाईल म्हणाली. मी म्हटलं, “दाढ गेली तर तू आहेस. आई गेली तर कोण आहे?” मग मात्र रविवारी सकाळी येते म्हणाली. “पण लवंग नको हं,” हळूच म्हणाली. “बाकी काय वाटेल ते घाल.”

हे एक नवीनच. लहानपणी हीच बया केकच्या डब्याला चिकटलेला लवंगेचा चुरा चाटून खायची, माझ्या वाटणीचासुद्धा! पण दातांच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास भरून राहिलेला असतो. वर्षानुवर्षं तिने त्या वासात लोकांचे उघडे जबडे धरलेत, त्यांचं कण्हणं ऐकलंय. आता लवंग म्हटलं की तिला घाम फुटतो. एकच नाक दोघींना वाटून दिलेलं, एक इकडे भट्टीपाशी वाढलं, एक तिकडे दाढांपाशी. मला लवंगेने रविवार आठवतो, तिला रक्ताची चूळ.

रविवारी ताई आली. आई आधीच ओट्यापाशी खुर्ची टाकून बसली होती, देखरेखीला. ताईने पुन्हा लवंगेचा विषय काढला, तर आई म्हणाली, “लवंग नसेल तर मी खाणार नाही.”

“अगं आई, तुला वास तर येत नाही! घातली काय, न घातली काय, तुला कळणार आहे का?”

उचलली जीभ लावली टाळ्याला! आईचा चेहरा उतरला. ताईने जीभ चावली. मग ती गच्चीत गेली, कपडे वाळत घालायचा एक चिमटा घेऊन आली, तो स्वतःच्या नाकाला लावला, आणि खलबत्ता पुढ्यात ओढून लवंग कुटायला बसली. तोंडाने श्वास घेत, घाम पुसत कुटत होती. मला बहिणीचा इतका उमाळा आला, की मी तिला अजिबात चिडवलं नाही. म्हणजे थोडंसंच चिडवलं.

केक झाला. साखर तडकली. मी आईच्या पुढ्यात तुकडा ठेवला आणि आम्ही दोघी समोर उभ्या, परीक्षेच्या निकालाला पोरी उभ्या राहतात तशा. डॉक्टरांकडे पुन्हा वजन करायला दुसऱ्याच दिवशी जायचं होतं. आता हाही केक कागद निघाला तर पुढे काय, हे आम्हाला दोघींना माहीत होतं.

आईने घास घेतला. कर्रकन आवाज झाला. ती चावत राहिली. आंबटाने एक डोळा बारीक झाला, मिरीने नाक लाल झालं. दुसरा घास घेतला. मग जीभ दातांवरून फिरवली, टोक चाचपल्यासारखी, आणि थांबली. चमचा खाली ठेवला.

“आई?” मी म्हटलं.

“म्हणजे,” आई म्हणाली, “तुमचे बाबा खोटं बोलत नव्हते गं.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, उपाशी राहून हिचं डोकं चळलं.

“त्यांना वास येत नव्हता,” आई म्हणाली. “जन्मापासून. कधीच नाही.”

ताईच्या नाकावरचा चिमटा निसटून टपकन ताटलीत पडला.

आई सांगायला लागली. लग्न नवीन असताना शेगडीवर दूध करपून धूर निघाला आणि बाबा तिथेच बाजूला पेपर वाचत बसलेले! ती धावत आली, म्हणाली, अहो, वास येत नाही का तुम्हाला? तर त्यांनी विचारलं, कसला? मग बसून बोलल्यावर कळलं, की या माणसाला लहानपणापासून वाटत होतं, लोक फुलं हुंगतात ती एक नुसती रीत आहे, पाहुण्यांना नमस्कार करतात तशी. म्हणून तेही हुंगायचे. सरसाच्या कारखान्यात ते सोशिक वगैरे काही नव्हते, त्यांना तिथे काही सोसावंच लागत नव्हतं! मग आईने त्यांच्यासाठी हा केक करायला घेतला. जे वासावाचून लागेल ते ते सगळं त्यात घातलं. वाजेल ते, झोंबेल ते, दात आंबवील ते, आणि शेवटी जीभ बधिर करील ते.

“तुम्ही दोघांनी आम्हाला का नाही सांगितलंत?” ताईने विचारलं.

“मी सांगणार होते. तेच नको म्हणाले. म्हणाले, पोरी फुलं घेऊन धावत येतात, बाबा वास घ्या म्हणतात. त्यांना कळलं तर यायच्या बंद होतील.”

मला तो मोजा आठवला. ताईलाही आठवला असणार, कारण ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

“पण मला मेलीला आयुष्यभर एक किडा,” आई म्हणाली. “हा माणूस फुलाला वा म्हणतो, तुमच्या अत्तराला वा म्हणतो, त्या कुजक्या मोज्यालासुद्धा वा! मग माझ्या केकला म्हणतो ते तरी खरं कशावरून? मनातून वाटायचं, कागद चघळत असेल बिचारा आणि मला बरं वाटावं म्हणून मान मागे टाकत असेल. विचारावं तर पुन्हा वा! जाईपर्यंत मला कळलं नाही. आज कळलं.” तिने ताटलीकडे बोट केलं. “खरंच छान लागतो गं. अगदी त्यांना लागत असेल तसाच लागतोय मला. तो शेवटचा मुंग्या आल्यासारखा प्रकार तर फारच छान.”

ताईने ताटलीतून चिमटा उचलला, पुसला, पुन्हा नाकाला लावला. मी माझं नाक बोटांनी दाबलं. दोघींनी एकेक तुकडा उचलला आणि बाबांनी खाल्ला असेल तसा खाल्ला. लोण्याचा वास नाही, लवंगेचा नाही, कसलाच नाही. नुसता कर्रकन आवाज, मग आंबटाची एक चपराक, मग सावकाश चढत जाणारी धग, आणि जीभ झोपायला लागते तसं ते टोकाला. इतकी वर्षं मी केक करतेय, पण इतका नीट विचार करून केलेला केक मी कधी खाल्ला नव्हता.

“कसा आहे?” आईने विचारलं.

“वा!” चिमट्यातून ताईचा शेंबडा आवाज आला.

“तुझी दाढ बघ आधी,” आई म्हणाली आणि दुसरा तुकडा ओढून घेतला. मग तिसरा. तिसऱ्याचा शेवटचा घास घेऊन तिने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि तोंडात घास तसाच असताना म्हणाली, “वा!”

मग बोटाने ताटलीतला चुरा टिपत मला म्हणाली, “पुढच्या वेळी मिरी जरा जास्त घाल.”